कार्यालयातला संगणक ‘अद्ययावत’ आहे का? हिरव्या खुणेखालची तारीख बघा



आजचा धडा पाठ्यपुस्तकातला नाही. तो आमच्या शाळेच्या कार्यालयातला आहे आणि त्यात विद्यार्थी मीच होतो. थोडा तांत्रिक भाग येईल, पण घाबरू नका. मलाही तो करत करतच समजला. जे केलं, जिथे चुकलो आणि नंतर जे सुधारलं, ते जसंच्या तसं सांगतो. तुमच्या शाळेत किंवा घरी उपयोगी पडेल.

सुरुवात कशी झाली?

२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. बातमी वाचून मुख्याध्यापक सरांनी मला बोलावलं.

“सर, आपले संगणक आता बंद पडणार का हो?”

मी विज्ञान शिकवतो. संगणकाचा शिक्षक नाही. पण प्रत्येक शाळेत एक शिक्षक असा असतो, की प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे त्यालाच हाक मारतात. आमच्या शाळेत तो मी.

म्हटलं, “बंद पडणार नाहीत, सर. चालत राहतील. फक्त दर महिन्याला कंपनीकडून जी दुरुस्ती येते, ती यायची थांबेल.”

“मग एकदा सगळे तपासा. कुठला ठेवायचा, कुठला बदलायचा, तसा अहवाल द्या. आणि हो, गेल्या वर्षी तुम्ही तपासणी केली होतीच ना? तेव्हा सगळे अद्ययावत होते.”

“हो, होते,” मी लगेच म्हणालो. देखभाल वहीत माझ्याच अक्षरात तशी नोंद होती. जुलै २०२४, ‘कार्यालयीन संगणक १ ते ५ तपासले. सर्व अद्ययावत.’ खाली माझी सही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

ही मासिक दुरुस्ती म्हणजे काय?

पालकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. संगणक चालवणारी प्रणाली माणसांनीच लिहिलेली असते. त्यामुळे तिच्यात चुका राहतात. काही चुका अशा, की त्यांतून परक्याला आत शिरता येतं. कंपनीला चूक सापडली की ती दुरुस्ती पाठवते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून यासाठी एक दिवस ठरवून ठेवला आहे, दर महिन्याचा दुसरा मंगळवार. त्यांच्याकडे सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र होऊन गेलेली असते. म्हणजे आपल्या कार्यालयात ही दुरुस्ती पोहोचते ती बहुधा बुधवारी.

दुरुस्ती आली आणि आपण ती घेतलीच नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं आहे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका मोठ्या चुकीची दुरुस्ती आली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, नेमक्या त्याच चुकीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करून तो पैसे मागत होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध ५९ दिवस आधी आलेलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं, ते अडकले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शाळेत चोरायला काय आहे? बघा बरं. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेला बँक खात्याचा क्रमांक, आईवडिलांचा मोबाइल नंबर, जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत. घरात आपण हे कागद कपाटात कुलूप लावून ठेवतो. शाळेत ते शेकड्याने एकाच संगणकात असतात.

तपासायला घेतलं

‘विंडोज ११’ आपल्या संगणकावर चालेल का, हे बघायला मायक्रोसॉफ्टचीच एक छोटी मोफत उपयोगिता आहे, ‘पीसी हेल्थ चेक’. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती घ्यायची. (दुसरीकडून घेऊ नका. तपासायच्या साधनातूनच दुखणं घरात यायचं.) ती उघडून ‘चेक नाऊ’ म्हटलं की ती प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, रॅम किमान ४ जीबी आहे का, साठवण किमान ६४ जीबी आहे का आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सोय आहे का, अशा गोष्टी बघून निकाल सांगते. निकालपत्रकच म्हणा ना. उत्तीर्ण, नाहीतर कोणत्या विषयात नापास ते.

तिच्या जोडीला दोन साध्या तपासण्या मी केल्या. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबायचं, येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं लिहायची आणि एंटर. विंडोजची नेमकी कोणती आवृत्ती आहे ते समोर येतं. ‘विंडोज १०’ची शेवटची आवृत्ती ‘२२एच२’ आहे. त्याहून जुनं काही दिसलं तर समजायचं, गाडी मागे राहिली आहे. दुसरी तपासणी, सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’चं पान उघडायचं.

घरून माझा लॅपटॉप आणला. उपयोगिता त्यावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि निघालो एकेका टेबलाशी.

पहिला, मुख्याध्यापक सरांचा. नवीनच. उत्तीर्ण.

दुसरा आणि तिसरा, कार्यालयातले, एकाच वेळी घेतलेले जुळे भाऊ. दोघेही नापास, विषय ‘टीपीएम’. मला वाईट वाटलं, कारण हे दोन्ही फारसे जुने नाहीत. पण शोधल्यावर कळलं, की पुष्कळ संगणकांत ही सोय असते, फक्त बंद करून ठेवलेली असते. संगणक सुरू होताना जी मूळ मांडणी उघडता येते, तिच्यात जाऊन ती चालू केली. इंटेलच्या संगणकात तिला ‘पीटीटी’ म्हणतात. पुन्हा तपासलं तर दोघेही पास! फेरतपासणीत गुण वाढल्यासारखंच झालं. ही गोष्ट माहीत नसती तर दोन चांगले संगणक उगाच भंगारात गेले असते.

चौथा, शिक्षक-खोलीतला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात, म्हणून हा नापास, आणि याला काही इलाज नाही.

पाचवा, आमच्या वरिष्ठ लिपिक बाईंचा.

पाचवा संगणक

बाईंकडे कामाला दोन संगणक. ऑनलाइन कामं, म्हणजे यू-डायस प्लस, शालार्थ वगैरे, दुसऱ्या क्रमांकाच्या संगणकावर. पाचवा त्यांचा खास. त्यावर शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाइड, आणि जनरल रजिस्टरची एक्सेलमधली नक्कल. २००९ पासूनच्या प्रवेशांची ही यादी बाईंनी स्वतः, एकेक नाव मूळ रजिस्टरशी ताडून टाइप केलेली. कोणी माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला की दोन मिनिटांत नाव सापडतं. त्या संगणकावर रोज सकाळी रुमाल फिरवतात त्या. दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत.

“बाई, पाच मिनिटं बघू का?”

“बघा सर. पण त्याला नेट नाही हं. मी लावतच नाही. नेट नाही म्हणजे व्हायरसची भानगड नाही.”

मी मान डोलावली. खरं सांगतो, त्या वेळी मलाही हे बरोबरच वाटलं. गेल्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि मला पटलं होतं.

पेन ड्राइव्ह लावला. आधी अपडेटचं पान उघडलं. छानपैकी हिरवी खूण. ‘यू आर अप टू डेट.’ गेल्या वर्षी मी इथंच थांबलो होतो. वहीत ‘अद्ययावत’ लिहून मोकळा झालो होतो.

या वेळी त्या खुणेखालच्या बारीक ओळीकडे नजर गेली. ‘लास्ट चेक्ड’, शेवटचं कधी तपासलं. तारीख होती १० फेब्रुवारी २०२१.

मी परत वाचलं. २०२१.

म्हणजे संगणक खोटं बोलत नव्हता. तो सांगत होता, की ‘मी शेवटचं विचारलं तेव्हा माझ्याकडे सगळं होतं.’ त्यानंतर त्याने कोणाला विचारलंच नव्हतं. विचारणार कसा, तारच काढलेली. ती सहा अक्षरं लिहून बघितलं, आवृत्ती निघाली ‘१९०९’. या आवृत्तीचा आधार मे २०२१ मध्येच संपलेला आहे. मार्च २०२१ ते ऑक्टोबर २०२५, बोटांवर मोजलं तर ५६ दुसरे मंगळवार या संगणकाने पाहिलेच नव्हते. आणि त्याच्या नावापुढे माझी सही होती, ‘अद्ययावत’.

पेन ड्राइव्ह परत आला

जागेवर येऊन अहवाल लिहायला पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. कोपऱ्यात लगेच सूचना, धोका सापडला. उघडून बघतो तर पेन ड्राइव्हमधल्या माझ्या फोल्डरांची जागा शॉर्टकटांनी घेतलेली. मूळ फोल्डर लपवलेले. तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रकार पाहिला असेल. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडल्यासारखं वाटतं, पण त्याआधी तो प्रोग्रॅम आपल्या संगणकात शिरलेला असतो.

सकाळी घरून निघालेला पेन ड्राइव्ह स्वच्छ होता. इतर चार संगणकांना लावला तेव्हा काही झालं नव्हतं. पाचव्याला लावला आणि तो सोबत पाहुणा घेऊन आला.

नेट नव्हतं हे खरं. पण बाई त्या संगणकावरून दाखला पेन ड्राइव्हवर घेतात. प्रिंटर बिघडला की तोच पेन ड्राइव्ह घेऊन शिपाई मामा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. त्या दुकानात दिवसाला किती जणांचे पेन ड्राइव्ह लागत असतील! दार बंद होतं, पण खिडकी उघडी होती.

मग त्या संगणकातल्या संरक्षणाला हे का कळलं नाही? कारण विंडोजमधल्या संरक्षणाकडे जी व्हायरसची ओळखयादी असते, तीसुद्धा याच अपडेटमधून येते. त्याच्याकडची यादी फेब्रुवारी २०२१ ची. चार वर्षांपूर्वीचा हजेरीपट घेऊन वर्गात गेलं तर नवीन आलेला मुलगा त्यात कसा सापडेल? तसंच.

दुसऱ्या क्रमांकाच्या संगणकालाही हाच पेन ड्राइव्ह कितीदा लागला असेल कोण जाणे. तिथलं संरक्षण ताजं होतं, म्हणून निभावलं. तिथे शाळेच्या ऑनलाइन कामांचे पासवर्ड असतात. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी जे चुकीचं बोललो

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो आणि तिथे पालक, शिपाई मामा, सगळे असताना म्हणालो, “बाई, तुम्ही तार काढून ठेवलीत, त्याचा हा परिणाम आहे. सगळ्या शाळेचा डेटा धोक्यात घातलात.”

बाई काही बोलल्या नाहीत. समोरचा दाखला पूर्ण केला, शिक्का मारला, त्या पालकांना दिला. मग उठून पाणी प्यायला गेल्या.

मधल्या सुट्टीत शिपाई मामा माझ्याकडे आले. “सर, बाईंनी तार उगाच नाही काढली. तुम्ही तेव्हा या शाळेत नव्हता.”

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी बाईंच्या टेबलासमोर जाऊन बसलो. आधी माफी मागितली. मग विचारलं, “बाई, ती तार का काढली होती?”

त्यांनी सांगितलं. कोरोनाचे दिवस. एका शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख. तेव्हा ऑनलाइन कामही याच संगणकावर चाले. अकरा मुलांचे अर्ज राहिलेले, पालक बाहेर उभे. तेवढ्यात पडदा निळा झाला, ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’. दहा टक्के, तीस टक्के, मग तीसवरच अडकून राहिलं. दीड तास. तोवर तिकडे संकेतस्थळावर गर्दी झाली. शेवटी अकरापैकी चार अर्ज राहिले. त्या वेळच्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सुनावलं, की बाईंना संगणक जमत नाही.

“त्यातल्या एका मुलीची आई शेतावर कामाला जाते, सर. ती नंतर दोनदा विचारायला आली. काय सांगणार तिला? संध्याकाळी संगणक परत सुरू झाला, कामं आटोपली आणि मी तार काढून टाकली. परत नको म्हटलं.”

मी विचारलं, “तारीख आठवते?”

“दहा फेब्रुवारी. न आठवायला काय झालं.”

पडद्यावरची तीच तारीख. मी मोबाइलमध्ये २०२१ चं कॅलेंडर काढलं. ९ फेब्रुवारी, महिन्याचा दुसरा मंगळवार. १० तारखेला बुधवार. दुरुस्ती तिच्या ठरलेल्या वेळेलाच आली होती. ती अशी येते आणि तिला थोपवून सोयीच्या वेळेला घेता येतं, हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला काय लागतं? सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ म्हणून सोय आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात असं भरून ठेवलं की त्या वेळेत संगणक आपणहून बंद-चालू होत नाही. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांऐवजी आम्ही बाईंना बोल लावले, आणि मी परत तेच केलं.

मित्रांनो, आपल्याकडे ‘तपासणी’ म्हटलं की माणसं टेबल आवरायला लागतात. शाळा तपासणीच्या दिवशी आपलं स्वतःचं काय होतं ते आठवा. उपयोगिता मला सांगू शकली, की हा संगणक कधीपासून मागे आहे. का मागे आहे, हे मला त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला विचारावं लागलं. आणि तेही झडती घेतल्यासारखं नाही, समोर बसून.

मग आम्ही काय केलं?

बाई आणि मी मिळून चार दिवस बसलो. क्रमाने सांगतो.

१) आधी नक्कल. पाचव्या संगणकातल्या फक्त दाखले, पत्रं आणि एक्सेलच्या फायली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. ती डिस्क ताज्या संरक्षणाच्या संगणकावर तपासून घेतली. एक्सेलची यादी उघडली. २००९ पासूनची सगळी नावं जागेवर होती. मूळ रजिस्टर कागदावर सुरक्षित आहेच, पण सोळा वर्षांचं टायपिंग परत कोण करणार? बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत यादी सरकवून पाहिली आणि मगच “चला” म्हणाल्या.

२) बाईंचं सगळं काम तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकावर हलवलं. इथे त्यांची खरी अडचण कळली. जुनी पत्रं ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या फाँटमध्ये होती. नवीन जागी उघडल्यावर मराठीऐवजी नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसली. बाईंचा चेहरा उतरला. “याच भीतीने मी तो बदलू देत नव्हते.” जुना फाँट नव्या संगणकावर टाकला, पत्रं पूर्ववत. यापुढची पत्रं युनिकोडमध्ये लिहायची असं ठरलं, म्हणजे ती कुठेही उघडतील.

३) पाचवा संगणक पूर्ण पुसला. ‘विंडोज ११’साठी तो नापासच आहे. त्यावर आता लिनक्स घातलंय आणि तो वाचनालयात पुस्तकांच्या यादीसाठी ठेवलाय. केरळमधल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्स वापरतात, त्यामुळे मुलांना जमणार नाही अशी शंका नको. मात्र लिनक्सलाही अपडेट लागतातच, हे विसरायचं नाही.

४) दुसरा आणि तिसरा ‘विंडोज ११’वर नेले. सगळीकडे ‘ॲक्टिव्ह अवर्स’ भरले.

५) झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळा पेन ड्राइव्ह, त्यावर लाल पट्टी. तो परत आला की तपासल्याशिवाय उघडायचा नाही. दाखल्यांशिवाय त्यात काही ठेवायचं नाही.

६) शिक्षक-खोलीतला चौथा सध्या फक्त प्रश्नपत्रिका टाइप करायला. त्यावर मुलांची माहिती ठेवायची नाही, कोणाचे पासवर्ड टाकायचे नाहीत. नवीन संगणकाची मागणी शाळा समितीपुढे ठेवली आहे.

वहीतली नोंद

राहिला तो जुलै २०२४ चा शेरा. मुख्याध्यापक सर म्हणाले, “जाऊ द्या सर, आता सगळं ठीक झालंय. कोण बघतंय?”

पण मी विज्ञानाचा शिक्षक. प्रयोगवहीत वाचन चुकलं तर मुलांना मी खोडरबर वापरू देत नाही. एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, असं सांगतो. माझ्याच वहीत वेगळा नियम कसा? म्हणून त्या ओळीशेजारी लिहिलं, ‘ही नोंद चुकीची आहे. संगणक क्र. ५ अद्ययावत नव्हता. तपासताना शेवटची तारीख पाहिली नव्हती.’ खाली सही आणि दिनांक.

सरांनी ते वाचलं, काही न बोलता खाली त्यांचीही सही केली.

तुम्ही काय करू शकता?

शिक्षकांनी आपल्या कार्यालयासाठी एका वहीत पाच रकाने आखावेत. संगणक क्रमांक, वापरणारी व्यक्ती, विंडोजची आवृत्ती, ‘शेवटचं तपासलं’ ती तारीख आणि अडचण. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी किंवा गुरुवारी भरायचं. पाच संगणकांना पंधरा मिनिटं पुरतात. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. तिथे ‘नेट हळू आहे’, ‘अपडेटची भीती वाटते’, ‘मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो’ असं काहीही येऊ द्या. (हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवलेला असेल तर बरेचसे अपडेट आपणहून उतरत नाहीत. अशा वेळी महिन्यातून एकदा चांगल्या जोडणीवर संगणक न्यावा.) खरी कारणं याच रकान्यात सापडतात.

पालकांनी घरी तीन गोष्टी बघाव्यात. संगणक असेल तर वर सांगितलेली सहा अक्षरं लिहून आवृत्ती बघा आणि अपडेटच्या पानावरची तारीख वाचा. घरचा संगणक ‘विंडोज १०’वरच असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तिची नोंदणी त्याच पानावरून करता येते. क्रोम वापरत असाल तर तीन टिंबांच्या यादीत ‘हेल्प’ आणि मग ‘अबाउट’ उघडा. ते पान उघडल्यावर क्रोम स्वतःच नवीन आवृत्ती शोधतं. आणि मोबाइल. मुलं अभ्यास त्यावरच करतात, पैसे तुम्ही त्यावरूनच देता. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’समोर महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. ते दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर त्या फोनवर बँकेचं काम करण्याआधी विचार करा.

आणि शाळेत गेलात की कार्यालयात जरूर विचारा, की मुलांची माहिती कुठे ठेवता, नक्कल घेता का. तो तुमचा हक्कच आहे. फक्त विचारताना खिडकीपलीकडे बसलेल्या माणसावर दाखल्यांचा ढीग आहे, हे ध्यानात असू द्या.

आता आमच्याकडे ही वही बाईच भरतात. मी मागे लागत नाही. डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारनंतर मी नववीच्या वर्गावर होतो. शिपाई मामा चिठ्ठी घेऊन आले. बाईंचं अक्षर.

‘सर, चार नंबरचा संगणक दोन महिने कोणी तपासलेला नाही. तारीख ऑक्टोबरची आहे. तास संपला की या. कारण काय ते लिहायचं आहे.’

तास संपल्यावर गेलो. कारण एवढंच होतं, की मी विसरलो होतो. बाईंनी तेच लिहून घेतलं.